चिठ्ठीत निघालं झाक्सन-आनहाल्ट, आता दहा मिनिटं बोलू काय?

केतकी_पेन्सिल (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकतेय, सध्या बी-वन, म्हणजे मधली पातळी चालू आहे. आमच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी 'लांडेसकुंड' नावाचं एक पान असतं. भूगोल, सणवार, खाणंपिणं, माणसं कशी राहतात वगैरे. आम्ही त्याला नुसतं 'कुंड' म्हणतो. वेळ कमी पडला की मॅडम ते पान उलटतात आणि आम्ही सुटतो.

या वेळी मॅडमनी कुंडात ढकललंच. जर्मनीच्या सोळा राज्यांच्या सोळा चिठ्ठ्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. ज्याला जे निघेल त्यावर दहा मिनिटं जर्मनमधून बोलायचं. अटी दोन: लोकसंख्या-क्षेत्रफळ वाचून दाखवायचं नाही, आणि किल्ल्यांचे फोटो लावून "फार सुंदर आहे" म्हणायचं नाही.

शेजारणीला बायर्न निघालं. तिचं काय, आल्प्स आहे, बिअर आहे, चामड्याची चड्डी आहे. मागच्या बाकावरच्याला हांबुर्ग. मला झाक्सन-आनहाल्ट. नकाशात आधी झाक्सन सापडलं, ते वेगळंच राज्य. मग नीडरझाक्सन, तेही वेगळं. आपलं तिसरंच, बर्लिनच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला पसरलेलं. कुणी तिथे राहतं का? गेलं आहे का? निदान नाव तरी ऐकलंय का?

बोरिवली_फास्ट (सोमवार, रात्री ९.५२)

मावसभाऊ बर्लिन-म्युनिक गाडीने गेला होता तिथून. त्याला विचारलं. म्हणाला, "पवनचक्क्या." मी म्हटलं अजून काय? म्हणाला, "अजून पवनचक्क्या."

केतकी_पेन्सिल (सोमवार, रात्री ९.५५)

चला, अर्धा मिनिट झाला.

नापास_नको (सोमवार, रात्री १०.३०)

कटू बोलतो, राग मानू नका. परीक्षेत चार गोष्टी तपासतात: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. कुठल्या राज्याची राजधानी कोणती हे कुणी विचारत नाही. मी बी-टूची, म्हणजे बी-वनच्या पुढच्या पातळीची तयारी करतोय. २०२४ साली आपल्या सरकारचा आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गचा कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्या वाटेने जायचा विचार आहे. रोज चाळीस शब्द पाठ करतो. कुंडात उतरायला वेळ नाही. वर्गाची फी आपण व्याकरणासाठी भरतो, सहलीच्या माहितीपत्रकासाठी नाही.

सालेकाठची (सोमवार, रात्री ११.४८)

केतकी, हात वर! सहा वर्षं हालेत राहतेय. हे राज्यातल्या दोन मोठ्या शहरांपैकी एक. दुसरं माग्डेबुर्ग, तीच राजधानी. दोन्ही साधारण सारख्याच आकाराची, म्हणून दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पुणे-मुंबई समज, फक्त दोन्हीकडे पुणेकर.

आधी डोंगर घे. पश्चिमेला हार्त्स नावाचा डोंगर आहे, त्याचं सर्वांत उंच शिखर ब्रोकेन, ११४१ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ५०० मीटर बुटकं. पण काम तेच करतं. पश्चिमेकडून येणारे ढग तिथे अडतात. ब्रोकेनवर वर्षाला १८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो, आणि डोंगर उतरून पूर्वेला हालेकडे आलं की ५०० च्या आतबाहेर. जर्मनीतल्या सर्वांत कोरड्या पट्ट्यांपैकी हा एक. महाबळेश्वरहून खाली उतरून फलटणला जावं, तसं. 'पर्जन्यछाया' हा शब्द आपण चौथीत घोकलाय. तो जर्मनमध्ये 'रेगनशाटन'. रेगन म्हणजे पाऊस, शाटन म्हणजे सावली. एवढं सांगितलंस तरी वर्गाला कळेल की तू नकाशा वाचलास.

मग माती. माग्डेबुर्गभोवतीच्या सपाट मुलखाला बोर्डे म्हणतात. काळी जमीन! पहिल्यांदा नांगरलेलं शेत पाहिलं तेव्हा मला अकोल्याला मामाकडे आल्यासारखं वाटलं. पण आपली काळी बेसॉल्ट झिजून झालेली, ही वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक गाळावर कुजक्या गवताने काळी झालेली. पाऊस कमी, तरी पीक जोरदार, कारण ही माती ओल धरून ठेवते. शेतजमिनीला गुण देण्याची एक जर्मन पद्धत आहे, तिच्यात १०० पैकी १०० धरली ती याच बोर्डेतल्या आयकेनडोर्फ गावची जमीन. तिथे कापूस नाही, शुगरबीट. म्हणजे साखर कारखाने. म्हणजे पुढचं तुला सांगायला नको.

आता माझी फजिती. इथे येऊन दोन महिने झालेले, दाढ दुखत होती. फोनवर दवाखान्यातली बाई म्हणाली, "फिर्टल नॉइन." फिर्टल म्हणजे पाव, नॉइन म्हणजे नऊ. वर्गात 'फिर्टल नाख' म्हणजे सव्वा आणि 'फिर्टल फोअर' म्हणजे पावणे शिकले होते. नुसतं 'पाव नऊ' म्हणजे काय? मी अंदाजाने सव्वानऊला गेले. वेळ सव्वाआठची होती! पूर्वेकडे आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी येणाऱ्या तासाचा किती भाग भरला ते सांगतात. नवव्या तासाचा पाव भरला, म्हणजे सव्वाआठ. पाऊण भरला की 'ड्रायफिर्टल नॉइन', म्हणजे पावणेनऊ. दाढेने आणखी तीन आठवडे वाट पाहिली.

उद्या आणखी लिहिते. सकाळी लवकर उठायचंय. (राज्याच्या हद्दीवर पाट्या असायच्या: 'लवकर उठणाऱ्यांच्या प्रदेशात स्वागत'. खरंच सरकारी घोषवाक्य होतं! कामासाठी शेजारच्या राज्यांत लांब जावं लागतं म्हणून उठतात, असं इथले लोक म्हणायचे.)

बोरिवली_फास्ट (मंगळवार, सकाळी ७.१०)

५.५२ ची पकडणारे आम्ही सगळे मग जन्माने झाक्सन-आनहाल्टर.

शब्दपोटे (मंगळवार, सकाळी ८.२५)

सालेकाठची, तुमची दाढ दुखली पण आमचं पोट भरलं. 'येणाऱ्या तासाचा भाग' ही पद्धत आपल्याला परकी नाही, आपण फक्त विसरलोय. 'अडीच' कुठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय' पासून. तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातलं अर्धं. जर्मन अडीच वाजता काय म्हणतो? 'हाल्ब ड्राय', अर्धा तीन. अक्षरशः अडीच! 'दीड' हा 'द्व्यर्ध' मधून आला, दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला 'आंडरटहाल्ब' म्हणतात, त्यातला 'आंडर' म्हणजे जुन्या भाषेत 'दुसरा'. मात्र 'साडेतीन' म्हणताना आपण मागच्या आकड्यावर अर्ध्याची भर घालतो आणि जर्मन तिथेही पुढचाच आकडा धरतो, म्हणून घोटाळा होतो.

आणि 'आइन-उंट-स्वान्त्सिश', एक-आणि-वीस, याला इंग्रजी माध्यमाची मुलं रडतात. 'एकवीस' म्हणणाऱ्याने का रडावं?

नापास_नको (मंगळवार, सकाळी ९.०२)

हे आवडलं, मान्य. पण ही भाषा झाली. भूगोल कुठे आला यात?

शब्दपोटे (मंगळवार, सकाळी ९.०५)

बाईंची दाढ भूगोलामुळेच तीन आठवडे जास्त दुखली की हो.

पांढरा_डगला (मंगळवार, दुपारी ३.१५)

रात्रपाळी करून झोपून उठले आणि धागा दिसला. मी मूळची अमरावतीची, चार वर्षं श्टुटगार्टजवळ वृद्धाश्रमात परिचारिका आहे. @नापास_नको, हा प्रतिसाद खास तुमच्यासाठी.

मीही पाठांतरवाली. भारतात ज्या क्लासला जात होते तिथे प्रादेशिक गोष्टींना हातच लावला नाही, "परीक्षेला नाही" म्हणून. बी-टू पहिल्या झटक्यात पास झाले. इथे तिसऱ्या दिवशी एक आजी म्हणाल्या, फूस दुखतोय. फूस म्हणजे पाऊल, पाठ होतं. मी मोजा काढला, पाऊल तपासलं, घोटा दाबून पाहिला, काही नाही. आजी वैतागल्या. दुखत होता गुडघा! श्वेबिश बोलीत कमरेपासून बोटांपर्यंत सगळा पाय म्हणजे फूस. पुस्तकातला 'बाइन' त्यांच्या तोंडी नाहीच. आता विचार करा, मी अहवालात 'पाऊल' लिहिलं असतं आणि डॉक्टरांनी पावलाचा एक्स-रे सांगितला असता तर?

त्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, थंडी वाजते, टेपिश दे. टेपिश म्हणजे गालिचा. मी खोलीतल्या जमिनीवरच्या गालिच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे बघतायत. इकडे टेपिश म्हणजे पांघरायची लोकरीची चादर. आणि 'हेबन' म्हणजे उचलणं, हे तुम्ही त्या चाळीस शब्दांत पाठ केलं असेल. इथे 'हेबन' म्हणजे धरून ठेवणं. उचलायला 'लुप्फन' हा वेगळा शब्द आहे. एका माणसाला दोघी मिळून खाटेवरून खुर्चीत बसवताना एकीने 'हेब!' म्हटलं आणि दुसरीने उचललं, तर काय होईल ते सांगत नाही.

या राज्याचं एक जुनं घोषवाक्यच होतं, 'आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून'. लोक ते अभिमानाने सांगतात. आणि इथेही दोन घरं आहेत बरं का. बाडेन आणि व्युर्टेम्बर्ग १९५२ साली एकत्र आले. पण कार्ल्सरूहच्या, म्हणजे बाडेनकडच्या माणसाला श्वाबी, म्हणजे व्युर्टेम्बर्गकडचा, म्हणून बघा एकदा. मी म्हणून पाहिलंय. विदर्भातल्या माणसाला "तुम्ही पुण्याकडचेच ना?" विचारल्यावर जो चेहरा होतो, तोच.

नापास_नको (मंगळवार, दुपारी ३.४०)

ताई, दंडवत. फूस, टेपिश, हेबन, लुप्फन वहीत लिहिले. अजून असतील तर द्या.

पांढरा_डगला (मंगळवार, दुपारी ३.४४)

'ब्यूने' म्हणजे तुमच्या पुस्तकात रंगमंच. इथे माळा. कुणी ब्यूनेवरून पेटी आण म्हटलं तर नाट्यगृह शोधू नका. बाकीचे वेगळा धागा काढून देते, हा केतकीचा आहे.

सालेकाठची (मंगळवार, रात्री ९.३०)

वरच्या प्रतिसादाला जोडूनच. केतकी, तुझ्या राज्यातून एक रेघ जाते. नकाशावर छापलेली नसते, कानाने ऐकायची. बेनराथ रेषा म्हणतात तिला. तिच्या उत्तरेला 'करणे' हे 'माकन', दक्षिणेला 'माखन'. उत्तरेला पाणी 'वाटर', दक्षिणेला 'वासर'. माग्डेबुर्गकडच्या खेड्यांतली जुनी बोली रेघेच्या वरची, आमचं हाले रेघेच्या खालचं. प्रमाण जर्मनला 'होखडॉइच' म्हणतात, त्यातला 'होख' म्हणजे उंच. आपण समजतो उच्चभ्रू. मुळात उंच प्रदेशाची, दक्षिणेतल्या डोंगराळ भागाची भाषा. आणि 'नीडरडॉइच' म्हणजे उत्तरेच्या सखल भागाची. 'देशावरचा' आणि 'कोकणातला' म्हणावं तसं साधं भौगोलिक नाव.

आता खरा मुद्दा. तू वर्गात जे प्रमाण जर्मन शिकतेस, त्याला मोठा आधार मिळाला तो तुझ्या चिठ्ठीतल्या राज्यात. धर्मसुधारक मार्टिन लुथर आइस्लेबनला जन्मला, तिथेच वारला, आणि काम केलं विटेनबर्गला. ही दोन्ही गावं आजच्या झाक्सन-आनहाल्टमध्ये. त्याचं नव्या कराराचं भाषांतर १५२२ साली विटेनबर्गला छापून निघालं, पूर्ण बायबल १५३४ साली. नव्या कराराचं भाषांतर केलं शेजारच्या थ्युरिंगनमधल्या किल्ल्यात लपून, पण भाषा घेतली ती झाक्सनच्या राजदरबाराची, जी वरच्या आणि खालच्या दोन्ही मुलखांत बऱ्यापैकी समजायची. आणि तिच्यात ओतली घरातल्या आईची, गल्लीतल्या पोरांची, बाजारातल्या माणसाची बोली. त्यानेच लिहून ठेवलंय की भाषांतर करायचं तर यांना विचारावं, त्यांच्या तोंडाकडे बघावं.

थोडक्यात, बायर्नवालीला सांग, तू बोलतेस ती भाषा आमच्याकडून गेली.

भक्त_पुंडलिक (मंगळवार, रात्री १०.१५)

म्हणजे जर्मनांचे ज्ञानेश्वर!

शब्दपोटे (मंगळवार, रात्री १०.३१)

असं एकदम नको. ज्ञानेश्वरीत गीतेवरची टीका आहे, ओवीत, आणि ती सव्वादोनशे वर्षं आधीची. लुथरचं भाषांतर छापखान्याच्या जोरावर पसरलं. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हाही आपल्याकडे सगळं हातानेच लिहिलं जात होतं. तुलना करायचीच तर हा फरक आधी सांगावा.

जुनी_निगेटिव्ह (बुधवार, सकाळी ११.२०)

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण केतकी, तुझ्या राज्याच्या नकाशात वोल्फेन नावाचं गाव आहे का बघ. माझा सदाशिव पेठेत फोटो स्टुडिओ होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आम्ही ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरायचो, एक उटीचा 'इंदू' आणि एक पूर्व जर्मनीचा 'ओरवो'. पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चालायचा म्हणून तो परवडायचा. लग्नं, मुंजी, दहावीचे पासपोर्ट फोटो, निम्मं पुणं ओरवोवर आहे. डबीवर 'वोल्फेन' वाचल्याचं आठवतं. ते तुझ्याच राज्यात की झाक्सनमध्ये?

सालेकाठची (बुधवार, दुपारी १.०५)

काका! तिचंच! हालेहून गाडीने जवळ आहे. ओरवो म्हणजे 'ओरिगिनाल वोल्फेन', अस्सल वोल्फेनचा. कारखाना मुळात आग्फा या फिल्म बनवणाऱ्या कंपनीचा. १९३६ साली आग्फाची नवी रंगीत फिल्म तिथेच बनली. युद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले तसे आग्फाचेही झाले, आणि १९६४ पासून पूर्वेकडच्या मालाला ओरवो नाव आलं. हजारो लोक कामाला होते, त्यात बायका खूप. फिल्मला उजेड चालत नाही, म्हणून अख्खी पाळी अंधारात! १९९० नंतर बाजार गेला आणि कारखाना बुडाला. आता एका जुन्या इमारतीत संग्रहालय आहे.

शेजारी बिटरफेल्ड. तिथे रसायनांचे कारखाने आणि कोळशाच्या उघड्या खाणी होत्या, हवा इतकी घाण की लोकांनी त्यावर यमक जुळवलं होतं: बिटरफेल्ड, जिथे आभाळातून घाण पडते. आता त्या खाणीच्या खड्ड्यात पाणी सोडून तलाव केलाय, लोक पोहतात. पण माणसं गेली. १९९० साली राज्यात साधारण २९ लाख लोक होते, आता २२ लाखांच्याही खाली. (केतकी, हा आकडा वाचून दाखवायचा नाही, सांगायचा आहे. फरक आहे.)

पेठकर (बुधवार, रात्री ८.५०)

सगळं सांगितलंत आणि देसाऊ राहिलं? केतकीबाई, पुण्यात बोट क्लब रस्त्यावर माक्स म्युलर भवन आहे. जर्मन शिकणाऱ्या निम्म्या पुण्याने ती पाटी वाचली आहे. हा माक्स म्युलर कुठला? देसाऊचा. जन्म ६ डिसेंबर १८२३. आणि देसाऊ कुठे? तुमच्या चिठ्ठीत.

वडील विल्हेल्म म्युलर तिथलेच, कवी. शूबर्टने त्यांच्या कवितांना चाली लावल्या. मुलगा ऑक्सफर्डला गेला, सायणभाष्यासह ऋग्वेद छापला, संस्कृतात स्वतःला 'मोक्षमूलर' म्हणवून घेतलं, आणि भारतात एकदाही आला नाही. आता पुण्याचा धागा बघा. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी राणीकडे जो अर्ज गेला त्यावर सही करणाऱ्यांत माक्स म्युलर होते. १८९८ च्या सप्टेंबरात टिळक मुदतीआधी सुटले.

सडेतोड_नाना (बुधवार, रात्री ९.१५)

त्या मोक्षमूलरने वेदांचं काय केलं ते मी सविस्तर

पेठकर (बुधवार, रात्री ९.१७)

नाना, वेगळा धागा. हात जोडतो.

वाघ्या (बुधवार, रात्री १०.४०)

अवांतर. उलट दिशेचं लांडेसकुंडही आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर आपल्याकडे येऊन धनगर आणि खंडोबा यांचा अभ्यास करत राहिले. जेजुरीच्या सोमवतीबद्दल पुण्यातल्या कितीतरी लोकांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. १९९२ साली वारले. धनगरांच्या ओव्या नीट ऐकायच्या तर कुठला वाडा पावसाळ्यात कुठल्या बाजूला उतरतो हे माहीत लागतं. ते त्यांनी करून घेतलं. बास, एवढंच.

केतकी_पेन्सिल (गुरुवार, रात्री ११.०५)

मंडळी, सोमवारी रात्री माझ्याकडे पवनचक्क्या होत्या. आता दहा मिनिटांत काय काय कापू हा प्रश्न आहे. ठरवलंय असं: सुरुवात 'फिर्टल नॉइन' ने, दाढेसकट. मग पर्जन्यछाया, फळ्यावर ब्रोकेन आणि महाबळेश्वर शेजारी काढून. मग बेनराथ रेषा आणि लुथर. शेवटी वोल्फेन. माक्स म्युलर कुठे बसवू कळत नाहीये. वर्गाला पाटी माहीत आहे, माणूस नाही.

जुनी_निगेटिव्ह काका, एखादी जुनी डबी आहे का हो घरात? मॅडमनी फोटो लावायला मनाई केलीय, वस्तू आणायला नाही.

जुनी_निगेटिव्ह (शुक्रवार, सकाळी १०.००)

माळ्यावर (म्हणजे ब्यूनेवर!) सापडली. एनपी २२. आत रोल नाही. वर 'व्हेब फिल्मफाब्रिक वोल्फेन' लिहिलंय. व्हेब म्हणजे मालकाचं नाव असावं असं मी चाळीस वर्षं समजत होतो. येऊन घेऊन जा. पण परत हवी.

सालेकाठची (शुक्रवार, दुपारी १२.४५)

काका, ते व्हेब नाही, 'फाउ-ए-बे'. 'फोल्क्सआइगनर बेट्रीब' ची आद्याक्षरं: लोकांच्या मालकीचा कारखाना. पूर्व जर्मनीत जवळपास प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या नावामागे असायचं. म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, ते मालकाचंच नाव.

केतकी_पेन्सिल (पुढचा बुधवार, रात्री ९.२०)

झालं! दहाची चौदा मिनिटं झाली. मॅडमनी थांबवलं नाही. 'फिर्टल नॉइन' म्हणजे किती वाजता, असं वर्गाला आधी विचारलं, सोळापैकी दोघांनी बरोबर सांगितलं. फळ्यावरचा ब्रोकेन मी महाबळेश्वरपेक्षा उंच काढला, ते मागच्या बाकावरून हांबुर्गने ओरडून सांगितलं. मोठीच पंचाईत झाली ती माक्स म्युलरची. मी म्हणाले, टिळकांच्या अर्जावर यांची सही होती, तर मॅडम म्हणाल्या, जर्मनमधून सांग. 'राजद्रोह' ला शब्दच आठवेना. शेवटी 'त्याने राजाविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं' असं तिसरीच्या पोरासारखं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, बी-वनला एवढं चालतं. मग एकाने विचारलं की तेव्हा तर राणी होती ना. सगळे हसले.

बायर्नने चामड्याची चड्डी दाखवलीच. फोटोत. तिचे गुण कापले.

डबी सगळ्या वर्गातून फिरली. नापास_नको, तुमच्यासाठी: बाडेन-व्युर्टेम्बर्गवाल्या मुलीला मी 'फूस' सांगून ठेवला होता, तिने तो तिच्या बोलण्यात वापरला आणि माझं नावही घेतलं नाही.

काका, रविवारी सकाळी डबी घेऊन येते. तुमच्या घड्याळात ड्रायफिर्टल एल्फ.

जुनी_निगेटिव्ह (पुढचा बुधवार, रात्री ९.३५)

पावणेअकरा. ये. चहा तयार ठेवतो.